एका प्रश्नाची सहा घरे

दुसरी-तिसरीच्या वर्गात अंकलेखन घेणाऱ्या कोणाही शिक्षकाला एक चूक वर्षानुवर्षे भेटत आलेली आहे. गुरुजींनी ‘सत्तावीस’ म्हणावे आणि पाटीवर ७२ उमटावेत! असे मूल बेसावध असते असे मुळीच नाही. किंबहुना ते फार लक्ष देऊन ऐकत असते. त्याच्या कानांवर आधी सात पडले, म्हणून त्याने आधी सात मांडले. मागून वीस आले, म्हणून शेजारी दोन मांडले. ज्या क्रमाने ऐकले त्याच क्रमाने लिहिले, एवढाच काय तो त्याचा अपराध. आमच्या डोईफोडियासारख्या सीमेवरच्या गावी तर या चुकीला आणखी एक पदर असतो. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि शेजारी कोरकू. मराठीतले ‘एकोणतीस, एकोणचाळीस’ हिंदीतल्या ‘उनतीस, उनतालीस’च्या हातात हात घालून चालत असतात; पण नव्वदीच्या उंबरठ्यावर दोघांच्या वाटा फुटतात. घरातल्या आजीचे ‘एकोणनव्वद’ शाळेत पोचताच ‘नवासी’ होते. सात-आठ वर्षांच्या एवढ्याशा डोक्यात या दोन मोजण्या एकत्र नांदतात कशा, आणि मधूनच भांडतात त्या का?

हा प्रश्न कोणत्या शास्त्राचा, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे नाही. अंकांचा आहे म्हणून गणिताचा म्हणावा, तर मुलाचे गणित चुकलेलेच नाही. शब्दांचा आहे म्हणून भाषेचा म्हणावा, तर ‘सत्तावीस’ हा शब्द ते बिनचूक उच्चारते. स्मरणाचा व अवधानाचा म्हणून मानसशास्त्राचा म्हणावा, तर मानसशास्त्रज्ञाला मराठी संख्यावाचकांचा इतिहास ठाऊक असेलच असे नाही. अशा बेघर प्रश्नांना आसरा देणारी एक विद्याशाखा गेल्या सात दशकांत जगात वाढली आहे. इंग्रजीत तिला कॉग्निटिव्ह सायन्स म्हणतात. हिंदीत ‘संज्ञान विज्ञान’ असा शब्द चालतो. मराठीत ‘संज्ञा’ म्हटले की पारिभाषिक नाव असा अर्थ आधी मनात येतो, म्हणून मी येथे ‘बोधनविज्ञान’ हा शब्द वापरतो. जाणणे, ओळखणे, आठवणे, बोलणे, वाचणे, मोजणे, निर्णय करणे हे सारे मनुष्य कसे करतो, याचा शोध घेणारे ते शास्त्र.

याच विषयावर लिहिण्याचे निमित्तही सांगतो. बऱ्हाणपूरच्या एका परिचित गृहस्थांची कन्या गणिताची बी.एस्सी. झाली, पुढे भाषाविज्ञानात एम.ए. झाली आणि आता बोधनविज्ञानात पीएच.डी. करावयाची म्हणते. वडील मला म्हणाले, “सर, गणित समजले, भाषाही समजली. पण हे दोन्ही मिळून तिसरेच काय? याला विद्वत्ता म्हणावे की धरसोड?” हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या अनेक घरांत तो आज ना उद्या उठणार आहे. म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावेसे वाटते.

प्रथम एक घडलेली हकिकत पाहू. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ते नव्याण्णव या संख्यांच्या वाचनाची एक नवी रीत देण्यात आली. एकवीसऐवजी ‘वीस एक’, सत्तावीसऐवजी ‘वीस सात’, त्रेसष्टऐवजी ‘साठ तीन’. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी तिची कारणे सांगितली होती. मराठी संख्यानामांत जोडाक्षरे पुष्कळ, ती लहान मुलांच्या जिभेवर चटकन बसत नाहीत. आणि लिहिण्याचा क्रम दशक-एकक, तर बोलण्याचा क्रम एकक-दशक, त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. दक्षिणेकडील भाषांत व इंग्रजीत दशक आधी येते, हेही त्यांनी दाखवून दिले. यावर महाराष्ट्रात मोठी राळ उडाली. वर्तमानपत्रे भरभरून लिहू लागली, विनोदांना ऊत आला आणि वाद विधिमंडळापर्यंत पोचला. एक पक्ष म्हणे, पूर्वजांची भाषा बिघडते. दुसरा म्हणे, मुलांचे ओझे हलके होते. दोन्हींकडे तळमळ होती. उणीव होती ती मोजून पाहिलेल्या पुराव्याची. किती मुले चुकतात, कोणत्या वयापर्यंत चुकतात, आणि शब्द बदलल्याने ती चूक सुटते की केवळ जागा बदलते, एवढे हाती असते तर वादाला निदान पायाखालची जमीन मिळाली असती.

असा प्रश्न आपल्यालाच पडला आहे असेही नाही. जर्मन भाषेत सत्तावीसला ‘सात आणि वीस’ अशाच अर्थाचा शब्द आहे. ऑस्ट्रियातील जर्मनभाषी मुलांचे अंकलेखन तपासून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की मुलांच्या सुमारे निम्म्या चुका या उलट्या क्रमाशी निगडित होत्या. नॉर्वेने तर १९५१ साली सरकारी निर्णय करून ‘सात आणि वीस’चे ‘वीस सात’ केले; टेलिफोनचे क्रमांक सांगताना होणारा घोटाळा हे त्यामागचे एक प्रमुख कारण. गंमत अशी की इतक्या वर्षांनंतरही तेथे जुनी रीत बोलण्यातून पुरती गेलेली नाही. भाषा सरकारी आज्ञेचे ऐकते, पण आपल्या सवडीने!

आता समजा, कोणा विद्यार्थिनीने हाच विषय पीएच.डी.साठी घेतला, तर ती काय करील? तिला अशी जागा शोधावी लागेल, जेथे एकाच गावची मुले दोन रीतींनी मोजतात. बेळगाव हे तिला सहज सुचेल. तेथे मराठी मूल ‘सत्तावीस’ म्हणते, तर कानडी मूल ‘इप्पत्तेळु’, म्हणजे वीस-सात, म्हणते. सोलापुरात तेलुगू बोलणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांचेही दशक आधी येते. दोन्ही माध्यमांच्या मुलांना तेच अंक सांगून लिहवून घ्यायचे, चुकांचे वर्ग पाडायचे, प्रत्येक अंक लिहिण्यास लागलेला वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजायचा. एवढ्याने भागत नाही. एका शाळेतली मुले दुसरीपेक्षा कमी चुकली, तर ते भाषेमुळे की चांगल्या शिक्षकामुळे? की घरी शिकवणारी आई आहे म्हणून? हे वेगळे काढण्यासाठी संख्याशास्त्र लागते. ‘एकोण’ कोठून आला, ‘त्रेसष्ट’मधला ‘त्रे’ कसा झाला, हे जाणण्यासाठी भाषेचा इतिहास लागतो. लहान मुलाकडून थकवा न आणता माहिती कशी मिळवावी, यासाठी मानसशास्त्राची प्रयोगपद्धती लागते. बाजारात म्हातारी माणसे अजून ‘चार विसा’ म्हणजे ऐंशी मोजतात, त्याची नोंद घ्यायला मानवशास्त्राची दृष्टी लागते. एका पाटीवरच्या ७२ च्या मागे इतकी शास्त्रे उभी असतात. आमच्या गृहस्थांनी विचारलेले ‘तिसरेच काय’ ते हे. येथे विषय आधी ठरवून त्यात प्रश्न शोधत नाहीत. प्रश्न आधी असतो, आणि तो जेथे जेथे नेईल तेथे तेथे जावे लागते.

या शास्त्राची जन्मकथाही अशीच आहे. १९५६ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे एक परिसंवाद झाला. माणसाची तात्पुरती स्मृती एका वेळी किती गोष्टी धरू शकते, याचा विचार करणारे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर तेथे होते. वाक्यरचनेचे नियम मांडणारे तरुण भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की होते. आणि तर्कशास्त्रातील सिद्धता शोधणारा संगणक-कार्यक्रम घेऊन ॲलन न्यूएल व हर्बर्ट सायमन आले होते. आपण सारे वेगवेगळ्या वाटांनी एकाच डोंगराकडे चाललो आहोत, असे मिलर यांना तेथे प्रकर्षाने जाणवले आणि पुढे त्यांनी याच परिसंवादाचा दिवस या शास्त्राचा जन्मदिवस मानला. यांतील सायमन यांची डॉक्टरेट राज्यशास्त्राची, १९७५ साली त्यांना मिळालेला ट्युरिंग पुरस्कार संगणकशास्त्राचा, आणि १९७८ चे नोबेल पारितोषिक अर्थशास्त्राचे! त्याच १९७८ मध्ये स्लोन फाउंडेशनसाठी तयार झालेल्या एका अहवालात या शास्त्राचा षट्कोन काढण्यात आला. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, भाषाविज्ञान, संगणकशास्त्र, मानवशास्त्र आणि मेंदूविज्ञान ही त्याची सहा टोके. शीर्षकात मी जी सहा घरे म्हणतो, ती हीच.

पण सहा घरे म्हटली की आपल्याकडील शहाणी माणसे लगेच सावध होतात, आणि ते योग्यच आहे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण अनुभवातून आलेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत १९८६ साली बोधनविज्ञानाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तो जगातील पहिला मानला जातो. तेथे आंतरविद्याशाखीय पीएच.डी.ची जी एक योजना आहे, तिचा नियम मला फार मार्मिक वाटतो. विद्यार्थ्याने प्रथम एखाद्या मूळ विभागात, म्हणजे भाषाविज्ञानात, मानसशास्त्रात, मानवशास्त्रात, रीतसर प्रवेश घ्यावयाचा. त्या विभागाच्या अटी पुऱ्या करावयाच्या. आणि त्यावर दुसऱ्या शास्त्राचा अभ्यास जोडावयाचा. पदवीवर दोन्ही नावे येतात, ‘भाषाविज्ञान व बोधनविज्ञान’ अशी. याचा आपल्या भाषेत अर्थ असा, की सहा घरी जेवायला जाण्यास हरकत नाही. पण स्वतःची चूल एका घरी पेटलेली असली पाहिजे. ज्याचे स्वतःचे घर नाही, तो सगळीकडे पाहुणाच राहतो.

आपल्याकडील थोर उदाहरणे हेच सांगतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक उभारण्याच्या कामाचे नेतृत्व करणारे प्रा. आर. नरसिंहन हे मूळचे अभियांत्रिकी व गणिताचे. यंत्राला भाषा कशी उमजेल, याचा विचार करता करता ते लहान मूल भाषा कसे शिकते या प्रश्नाकडे वळले आणि १९८१ साली भाषावर्तनावर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दुसरे नाव आपल्या मराठीतले, डॉ. अशोक केळकर यांचे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहून १९५८ साली ते पीएच.डी. झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भाषाविज्ञान शिकवले आणि तेथून ते चिन्हमीमांसा, सौंदर्यशास्त्र, साहित्यसमीक्षा असे दूरदूर फिरून आले. ‘रुजुवात’ या त्यांच्या ग्रंथाला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इतके फिरूनही ते कधी भरकटले नाहीत, कारण त्यांचे घर भाषाविज्ञानात पक्के होते.

आमच्या परिसराला अधिक जवळचे उदाहरण हवे असेल तर सातपुड्याच्या पायथ्याशी पाहावे. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या पहिल्या ग्रामीण प्रकल्पांपैकी एक खिरोदा येथे झाला. खिरोदा म्हणजे बऱ्हाणपूर जिल्ह्याला लागूनच असलेल्या जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्याचे गाव. भौतिकीची माणसे खेड्यातील शाळांत येऊन मुले विज्ञान कसे शिकतात ते पाहू लागली. केंद्राचे प्रमुख प्रा. वि. गो. कुलकर्णी हे स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. पण त्यांच्या लक्षात आले की पुष्कळ मुले विज्ञानाच्या दाराशी पोचतच नाहीत, कारण दारावर पुस्तकी मराठीचे कुलूप असते. १९८० च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिले. आशय तोच ठेवून पाठ्यपुस्तकाची भाषा तेवढी सोपी केली, आणि मुलांच्या आकलनात स्पष्ट फरक दिसला. आम्हां मराठीच्या माणसांना हे ऐकून थोडे चमकायला होते. मराठी माध्यमातील मुलालाही मराठीच अडवू शकते! आईची मराठी आणि पुस्तकाची मराठी यांत अंतर असते. आणि वऱ्हाडी किंवा खानदेशी ढंगाची मराठी बोलणाऱ्या आमच्या घरांना ते अंतर ठाऊक आहे. हे निदान एका भौतिकशास्त्रज्ञाने केले, याचे महत्त्व ओळखले पाहिजे.

आता आपल्या बृहन्महाराष्ट्रीय घरांविषयी थोडे. आपण जन्मतः दोन भाषांत वाढतो. कित्येक पालकांना अजून अशी भीती वाटते, की घरी मराठी ठेवली तर मुलाची हिंदी-इंग्रजी कच्ची राहील. या द्विभाषिकतेचा अभ्यास आपल्याच देशात झालेला आहे. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद येथील ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ३९१ रुग्ण एकाहून अधिक भाषा बोलणारे होते; आणि एकभाषी रुग्णांच्या मानाने त्यांच्यात विकाराची सुरुवात सुमारे साडेचार वर्षे उशिरा झालेली दिसली. निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला, म्हणजे केवळ शिक्षणाला त्याचे श्रेय देता येत नाही. यावरून ‘दोन भाषा बोला, विस्मरण टाळा’ अशी जाहिरात मात्र कोणी करू नये. तो रुग्णालयातील नोंदींचा अभ्यास होता; पुढे अन्यत्र झालेल्या काही अभ्यासांत हा लाभ दिसला नाही, आणि विद्वानांचा वाद चालू आहे. तरीही घरातील मराठी हे मुलाच्या डोक्यावरचे ओझे आहे, या समजुतीला त्यातून काही आधार मिळत नाही, एवढे निश्चित.

आपल्या लिपीचीही अशीच एक कथा. ‘दिवस’ लिहिताना पहिली वेलांटी ‘द’च्या आधी येते, उच्चार मात्र ‘द’नंतर होतो. ज्योत्स्ना वैद व अशुम गुप्ता या संशोधिकांनी २००२ साली देवनागरी वाचनावरील अभ्यासात दाखवले, की लेखनक्रम व उच्चारक्रम असे फिरलेले शब्द वाचताना सराईत वाचकालाही किंचित अधिक वेळ लागतो. सेकंदाच्या अंशाची ही गोष्ट. पण पहिलीतले मूल ‘कि’ व ‘की’ यांत अडखळते तेव्हा त्याला ‘मठ्ठ’ म्हणण्याआधी शिक्षकाने ती आठवावी, एवढे मोल तिला आहे. सत्तावीसचे ७२ आणि वेलांटीची ही अडचण यांचे मूळ एकच दिसते. कानाचा क्रम निराळा, डोळ्याचा निराळा.

आणि विषय शोधायला दूर जावयास नको. आमच्या खकनार तालुक्यात व पलीकडे मेळघाटात कोरकू बोलली जाते. ती मुंडा कुळातील भाषा. मराठी-हिंदीशी तिचे रक्ताचे नाते नाही. तिकडे बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात आणि तापीच्या दक्षिणेस आमच्या जिल्ह्यात निहाली या भाषेची वस्ती आहे. जगातील कोणत्याच ज्ञात कुळात ती बसवता येत नाही. डच पंडित कुइपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्या भाषेसाठी दूरच्या पंडिताने आयुष्याची काही वर्षे दिली, ती आपल्या बाजाराच्या दिवशी आपल्या शेजारून ऐकू येण्याजोगी आहे. घरी कोरकू बोलणारे मूल हिंदीतून बेरीज शिकते तेव्हा त्याच्या मनात नेमके काय घडते, हा प्रश्न कोणा परक्याने येऊन विचारण्याची वाट आपण का पाहावी? या भागात वाढलेल्या मुलीला तो अधिक नेमका विचारता येईल, कारण तिने ती मुले बाकावर शेजारी बसलेली पाहिली आहेत.

आता व्यवहाराकडे वळू, कारण वडिलांना रात्री झोप येऊ देत नाही तो व्यवहारच. भारतात या अभ्यासाची ठिकाणे आता बरी आहेत. मुंबईचे होमी भाभा केंद्र विज्ञानशिक्षणात पीएच.डी. देते आणि तेथे बोधनाचा विचार मुळापासून होतो. अलाहाबाद विद्यापीठात २००२ पासून वर्तन व बोधनविज्ञानाचे केंद्र आहे. हैदराबाद विद्यापीठात, कानपूर व गांधीनगरच्या आयआयटींमध्ये हा विषय आहे. मेंदूच्या बाजूने जावयाचे तर हरियाणातील मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र व बंगळूरचे निमहान्स. भाषेच्या बाजूने जावयाचे तर पुण्याचे डेक्कन कॉलेज. २०२१ पासून ‘गेट’ परीक्षेतही मानव्यविद्यांची पत्रिका असून तीत भाषाविज्ञान, तत्त्वज्ञान व मानसशास्त्र हे विभाग आहेत. कलाशाखेच्या मुलांना हे दार पूर्वी नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवली, तर २०२३ पासून ठरलेल्या दराने दरमहा ३७,००० रुपये मिळतात; म्हणजे वडिलांच्या पेन्शनीला हात न लावता शिकता येते. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे धरली आहेत. प्रयोग करणाऱ्याने पाच तरी मनात धरावीत.

अडचण पुढेच आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या महाविद्यालयांतील जागांच्या जाहिराती बहुधा विषयवार निघतात. निवड समितीपुढे पहिला प्रश्न येतो, ‘आपली एम.ए. कोणत्या विषयाची?’ तेथे षट्कोनाचे चित्र दाखवून चालत नाही. म्हणून वर सांगितलेला चुलीचा नियम केवळ विद्येचा नसून पोटाचाही आहे. आमच्या गृहस्थांच्या कन्येचे भाषाविज्ञानातील एम.ए. हे तिचे घर आहे. प्रबंधात गणित व मानसशास्त्र कितीही आले, तरी त्या घराच्या पायऱ्या तिने सोडू नयेत. त्या विषयाची पात्रता परीक्षा द्यावी, त्या विषयाच्या नियतकालिकांतही लेख द्यावेत. दुसरे असे, की मार्गदर्शक निवडताना नावाच्या मोठेपणाला भुलू नये. आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूसाठी सहमार्गदर्शक मिळेल काय, प्रयोगाची सामग्री आहे काय, आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले, हे स्पष्ट विचारावे. हे विचारणे उद्धटपणाचे नाही. सोयरीक जुळवताना आपण याहून अधिक विचारतो!

सोयरिकीचे नाव निघालेच आहे, तर तेही बोलून टाकू. मुलगा पाच वर्षे संशोधन करतो म्हटले की आपण ‘अभ्यासू’ म्हणतो. मुलगी म्हणाली की ‘वय’ मोजू लागतो. प्रबंध पुरा होईतो ती अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची होईल, हे खरे. ही काळजी आईबापांच्या मायेतून येते, तिची थट्टा करण्याचे मला कारण नाही. पण अर्धवट टाकलेला प्रबंध हा आयुष्यभर घरातल्या माळ्यावर पडून राहतो आणि दर दिवाळीच्या साफसफाईत हाताला लागतो. म्हणून आरंभीच घरात मोकळे बोलणे व्हावे. पाच वर्षे द्यायची तर ती मनापासून द्यावीत. देणे शक्य नसेल तर तसे आजच सांगावे. मधल्या मुक्कामावर गाडीची साखळी ओढण्याइतके क्रूर दुसरे काही नाही.

धरसोड कोणती आणि शोध कोणता, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. धरसोड करणाऱ्याचा विषय बदलतो आणि प्रश्न नसतोच. शोध घेणाऱ्याचा प्रश्न तोच राहतो, विषय बदलत जातात. तेव्हा आमच्या गृहस्थांना माझे सांगणे इतकेच, की कन्येला विषयाचे नाव विचारू नका. तुझा प्रश्न काय, तो एका वाक्यात, आपल्या घरच्या मराठीत सांग, असे म्हणा. तिला तो सांगता आला आणि आजीला तो समजला, तर तिची वाट ठरलेली आहे असे जाणून निश्चिंत व्हावे. सांगता आला नाही, तर आणखी सहा महिने वाचन करू द्यावे आणि पुन्हा विचारावे.

आणि ज्यांची मुले अजून लहान आहेत, अशा वाचकांना एक विनंती. दहावीनंतर शास्त्र की कला, अशी भिंत आपण घालतो तेव्हा ती फार उंच घालू नये. गणित आवडणारी मुलगी घरी मराठी कविता वाचत असेल, तर तो वेळ वाया गेला असे समजू नये. पुढे तिला कोणता प्रश्न पडेल आणि त्या प्रश्नाची किती घरे असतील, हे आज आपण सांगू शकत नाही. तूर्त घरातील लहान मूल पाटीवर सत्तावीसचे ७२ लिहील तेव्हा पट्टी उचलण्याआधी क्षणभर थांबावे आणि त्याला विचारावे, “बाळ, तू हे असे का लिहिलेस?” त्याचे उत्तर नीट ऐकावे. बोधनविज्ञानाची सुरुवात तेथूनच होते.